विधानाला धनी हवा

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात माझ्या वाट्याला आलेला विषय ‘संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदारीने वापर’ असा आहे. जमीन, पाणी, वेतन, रोजगार हमी या आपल्या नेहमीच्या विषयांच्या पंक्तीत तो काहीसा उपरा वाटेल. हा विषय विद्यापीठांतील प्राध्यापकांनी आपसात बोलावा, कार्यकर्त्यांचा त्याच्याशी काय संबंध, असेही काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या अहवालांच्या आधारे सरकार योजना आखते, न्यायालये निर्णय देतात आणि आपणही आपल्या मागण्या मांडतो, ते अहवाल संशोधनातूनच निघतात. हा पाया ठिसूळ झाला तर भिंत प्रथम कोणाच्या अंगावर पडते, हे पाहण्यासाठी अलीकडच्या एका उदाहरणापासून सुरुवात करतो.

ऑस्ट्रेलियात बेकारभत्ता घेणाऱ्या माणसाला काही अटी पाळाव्या लागतात. नोकरीसाठी ठरलेले प्रयत्न करणे, बोलावले तेव्हा हजर राहणे, अशा त्या अटी आहेत. अट मोडल्याची नोंद संगणकावर झाली की त्या माणसाचा भत्ता रोखला जाऊ शकतो. ही दंडव्यवस्था कायद्याला धरून चालते की नाही, हे तपासण्याचे काम तेथील रोजगार खात्याने डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीला दिले. करार सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. जुलै २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. सिडनी विद्यापीठातील एका अभ्यासकाने तो बारकाईने वाचला, तेव्हा तळटीपांत उल्लेखिलेले काही ग्रंथ आणि लेख अस्तित्वातच नाहीत, असे त्याच्या ध्यानात आले. एका न्यायनिर्णयातील म्हणून दिलेले अवतरणही बनावट निघाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारित अहवाल निघाला. त्यात मजकूर रचणाऱ्या यंत्राचा वापर केल्याची कबुली प्रथमच छापली गेली आणि कंपनीने मानधनाचा अखेरचा हप्ता परत केला. शिफारशी मात्र होत्या तशाच राहिल्या, असे सांगण्यात आले.

या प्रकरणाची थट्टा पुष्कळ झाली. परंतु हा अहवाल ज्यांच्याविषयी होता त्यांचा विचार करा. हाती काम नाही, घरभाड्याची चिंता आहे, अशा माणसाचा भत्ता रोखणे न्याय्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर ज्या कागदावर लिहिले, त्या कागदातील आधार खोटे होते. चूक सापडली ती एका माणसाने तळटीपा ताडून पाहिल्या म्हणून. ज्या अहवालांच्या तळटीपा कोणीच ताडत नाही, त्यांचे काय?

आता हे यंत्र असे का वागते, ते थोडक्यात समजून घेऊ. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि पाठोपाठ त्या जातीची अनेक यंत्रे आली. या यंत्रांना अफाट मजकूर वाचवलेला असतो. अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित त्यातून ते शिकते आणि त्या गणितावर वाक्यामागून वाक्य रचत जाते. संदर्भ कसा दिसतो हे त्याला पक्के ठाऊक असते. आडनाव, वर्ष, नियतकालिकाचे नाव, पृष्ठक्रमांक यांचा साचा ते बिनचूक भरते. त्या साच्यात बसणारा लेख खरोखर कोणी लिहिला आहे का, हा प्रश्न त्या गणितात नसतो. नवी यंत्रे आंतरजालावर शोध घेऊन दुवे देतात, त्यामुळे हा दोष कमी झाला आहे. पण खऱ्या लेखाच्या तोंडी त्यात नसलेले विधान घालण्याची खोड गेलेली नाही. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये शास्त्रीय लेखांवर वाढवलेले ‘गॅलॅक्टिका’ नावाचे यंत्र लोकांसमोर आणले होते. ते खोट्या गोष्टी अधिकारवाणीने सांगते, असा बोभाटा झाल्यावर तीनच दिवसांत तिने त्याचे जाहीर प्रात्यक्षिक बंद केले.

एकदा ज्ञानाच्या प्रवाहात शिरलेली चूक यंत्राच्या द्वारे कशी चिरंजीव होते, याचेही एक उदाहरण पाहा. ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ असा एक शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत वीसहून अधिक शास्त्रीय लेखांत आढळला. अशी कोणतीही पद्धत जगात नाही. १९५० च्या दशकातील जुने लेख संगणकावर चढवताना शेजारच्या दोन स्तंभांतील शब्द एकमेकांना चिकटले आणि हा शब्द जन्माला आला. पुढे फारसीत ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि ‘स्कॅनिंग’ यांसाठी असलेल्या शब्दांत एकाच नुक्त्याचा फरक असल्याने भाषांतरातही तो अवतरला, असे अभ्यासकांना दिसते. आता मजकूर रचणारी यंत्रे तो वाचून बसली आहेत आणि संधी मिळताच पुढे करतात. यात कोणी लबाडी केली असे नाही. मधल्या वाटेवर थांबून ‘हे काय आहे?’ असे विचारणारा माणूस कोणालाच भेटला नाही, एवढेच.

येथे आपल्याच परंपरेतील एका प्रसंगाची आठवण करून देणे मला अगत्याचे वाटते. १९६३ च्या पोटनिवडणुकीत डॉ. राममनोहर लोहिया फर्रुखाबादहून लोकसभेत गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांनी सभागृहात सांगितले की, या देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर गुजराण करतात. पंतप्रधान नेहरूंनी हा आकडा अमान्य केला आणि तो पंधरा आण्यांच्या घरात असल्याचे म्हटले. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. लोहियांचे म्हणणे असे की, श्रीमंतांची मिळकत मिसळून काढलेली सरासरी ही तळच्या साठ टक्क्यांचे दैन्य झाकून टाकते. त्या आकड्यांविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद झाले असतील, आजही होतील. माझा मुद्दा निराळा आहे. तीन आणे हा आकडा लोहियांचा होता. तो कसा काढला, हे त्यांना भर सभागृहात विचारता येत होते आणि ते उभे राहून सांगत होते. पंधरा आण्यांनाही धनी होता, साडेसात आण्यांनाही होता. म्हणून त्या वादातून देशाला काही शिकता आले.

संशोधनातील प्रत्येक विधानाला असा धनी लागतो. हे मी कशावरून म्हणतो, तुम्ही कोठे जाऊन पडताळू शकाल आणि मी चुकलो तर पुढे येऊन मान्य करीन, या तीन गोष्टींची हमी म्हणजे संशोधकाची जबाबदारी होय. यंत्र यांतील एकही हमी देऊ शकत नाही. चॅटजीपीटीचे नाव काही लेखांवर सहलेखक म्हणून झळकले, तेव्हा ‘नेचर’ या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये नियम केला की यंत्राला लेखक म्हणता येणार नाही, कारण लेखकपणाबरोबर येणारे उत्तरदायित्व ते पत्करू शकत नाही. प्रकाशनातील नीतिनियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही पुढच्याच महिन्यात हीच भूमिका घेतली.

याचा अर्थ यंत्राला हातच लावू नये, असा मी करीत नाही. महात्माजींचा यंत्रविरोध सरसकट नव्हता. १९२४ साली एका संवादात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून केला होता. त्यांचा आक्षेप यंत्राच्या वेडावर आणि त्यामुळे मूठभरांच्या हाती साठणाऱ्या संपत्तीवर होता. प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्याला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेथे यंत्राचे भाकीत प्रयोगाने पडताळता येते, म्हणून ते विज्ञानाच्या कामी आले. आणि आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, मराठी माध्यमातून शिकून विद्यापीठात आलेल्या, घरातील पहिल्याच शिकलेल्या मुलीला इंग्रजीचा जो उंबरठा ओलांडता ओलांडत नाही, तो ओलांडायला हे यंत्र हात देते. अवघड इंग्रजी लेख समजावून घेणे, आपला मसुदा शुद्ध करून घेणे, आकडेमोडीची आज्ञावली लिहून घेणे, यांत पाप कसले? ज्यांच्या घरी इंग्रजीचे संस्कार आहेत त्यांना ही मदत आजवर वडीलधाऱ्यांकडून फुकट मिळतच होती.

सीमारेषा कोठे आखायची, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते ती चार ठिकाणी स्पष्ट आखता येते. पहिली, जो ग्रंथ वा लेख आपण स्वतः उघडून वाचला नाही, त्याचा संदर्भ द्यायचा नाही. दुसरी, यंत्राची मदत कोठे आणि कशासाठी घेतली, हे लेखातच सांगायचे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये संशोधकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही असा पारदर्शकपणा आणि अंतिम जबाबदारी संशोधकाचीच हे तत्त्व आहे. तिसरी, दुसऱ्याने विश्वासाने आपल्याला सांगितलेली गोष्ट कंपनीच्या यंत्रात ओतायची नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्ये अनुदानाच्या अर्जांचे परीक्षण यंत्राकडून करून घेण्यास मनाई केली, ती याच गोपनीयतेच्या कारणाने. एखाद्या घरकामगार बाईने मालकाविषयी आपल्याला सांगितले, तर तिची मुलाखत अशा यंत्राला सांगून गोषवारा काढून घेणे हा तिचा विश्वासघात आहे, मग त्यामागे आपला हेतू कितीही चांगला असो.

चौथी सीमा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माणसाची साक्ष यंत्राकडून घ्यायची नाही. आपल्याला हे अतिशयोक्त वाटेल, परंतु माणसांची पाहणी करण्याऐवजी यंत्रालाच ‘तू अमुक वयाचा, अमुक वंशाचा, अमुक उत्पन्नाचा नागरिक आहेस’ असे सांगून त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेता येईल का, याचे प्रयोग २०२२-२३ पासून गंभीरपणे प्रसिद्ध होत आहेत. खर्च वाचतो, वेळ वाचतो, गावोगाव हिंडावे लागत नाही. परंतु यंत्राला ठाऊक असते ते आधी कोणीतरी लिहिलेले. त्यातही इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा एक टक्क्याहून कितीतरी कमी. ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही, त्यांचे आयुष्य या साठ्यात कोठून येणार?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीसाठी तेथील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे निष्पन्न झाले. हा आकडा कोणत्याही ग्रंथसाठ्यात पडलेला नव्हता. कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी विषय लावून धरला, आरोग्यसेविका दारोदार गेल्या, बाया बोलल्या, तेव्हा तो जगाला कळला. त्याआधी ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याविषयी यंत्राला विचारले असते, तर त्याने नीटनेटका, समतोल आणि या स्त्रियांचा मागमूस नसलेला निबंध लिहून दिला असता. लोहियांनी सरासरीविरुद्ध जी तक्रार केली, तीच येथे लागू पडते.

एवढे सांगून मी थांबलो, तर ‘विद्यार्थ्यांनो, सावध राहा’ असा उपदेश होईल. समाजवादी कार्यकर्त्याने त्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे. जबाबदारी, जबाबदारी असा जो घोष आज चालू आहे, त्यात ती नेमकी कोणाच्या गळ्यात पडते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, पुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते आणि साठांवर नोंदणीच रद्द होते. हे नियम झाले तेव्हा चोरी म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलणे, एवढाच अर्थ होता. यंत्राने ताजा रचलेला मजकूर कोणाशीच जुळत नाही. म्हणून ज्याने एक ओळ वाचली नाही तो या चाळणीतून सहज निसटतो आणि प्रामाणिकपणे वाचून अडखळत्या इंग्रजीत लिहिणारा अडकतो. मग यंत्र ओळखणारे दुसरे यंत्र आणले जाते. चॅटजीपीटीच्या कंपनीनेच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढले होते. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी ते जेमतेम २६ टक्के ओळखत असे, आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये तिने ते मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधे शब्द आणि ठराविक वाक्यरचना हाच त्यांचा अपराध! अशा साधनाच्या निकालावर आपल्याकडच्या एखाद्या मुलाचा प्रबंध अडवला जाणे, हा उघड अन्याय होईल.

दुसऱ्या बाजूला, हा सारा खटाटोप ज्या दडपणाखाली चालतो त्याबद्दल कोण बोलते? नेमणूक हवी तर लेख दाखवा, बढती हवी तर लेखांचे गुण दाखवा, अशी रीत वर्षानुवर्षे चालली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापलाच पाहिजे, ही सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली, हे योग्यच झाले. पण नोकरीच्या बाजारातील मोजणी संपली नाही. लेखांचे कारखाने यंत्रापूर्वीही होते. २०२३ या एका वर्षात जगभरात १० हजारांहून अधिक संशोधनलेख मागे घ्यावे लागले, त्यांतील बहुसंख्य हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेचे होते. यंत्राने या कारखान्यांना स्वस्त मजूर पुरवला, इतकेच. परीक्षणाचीही तीच अवस्था झाली आहे. जुलै २०२५ मध्ये उघडकीस आले की, आठ देशांतील चौदा संस्थांच्या संशोधकांच्या सतरा लेखांत ‘केवळ अनुकूल अभिप्राय द्या’ अशा अर्थाच्या सूचना पांढऱ्या वा बारीक अक्षरांत दडवलेल्या होत्या. त्या माणसाला दिसू नयेत आणि परीक्षकाच्या यंत्राने मात्र वाचाव्यात, अशी योजना होती.

आणि या यंत्रांचे मालक? त्यांची जबाबदारी कोठे सुरू होते? ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये दाखवून दिले की, चॅटजीपीटी सभ्य व्हावे म्हणून हिंसेची आणि अत्याचारांची वर्णने वाचून त्यांची वर्गवारी करण्याचे काम केनियातील कामगारांनी तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीवर केले. अभ्यासकांनी मानधनावाचून लिहिलेले लेखही या यंत्रांचे खाद्य आहे. टेलर अँड फ्रान्सिस ही प्रकाशनसंस्था ज्या समूहाची आहे, त्याने मे २०२४ मध्ये आपला ग्रंथसाठा वापरू देण्याचा करार मायक्रोसॉफ्टशी जाहीर केला. पहिल्याच टप्प्यात त्याची किंमत सुमारे १ कोटी डॉलर होती. आपल्याला कोणी विचारले नाही, अशी तक्रार लेखकांनी केली. इकडे भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीस प्रकाशकांची नियतकालिके आपल्या विद्यार्थ्यांना वाचता यावीत म्हणून तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे संशोधन जनतेच्या पैशाने होते, ते वाचण्यासाठी जनतेने पुन्हा पैसे मोजायचे, आणि त्यावर पोसलेल्या यंत्राची वर्गणी तिसऱ्यांदा भरायची.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. यंत्र ओळखणाऱ्या साधनाच्या निकालावर कोणाही विद्यार्थ्याला शिक्षा होऊ नये. शंका आली तर त्याला समोर बसवून त्याच्या भाषेत त्याच्या प्रबंधाविषयी विचारावे. ज्याला आपले विधान कोठून आले हे सांगता येते, तो त्याचा धनी आहे. प्रबंधात बनावट संदर्भ सापडला तर मार्गदर्शकालाही जाब विचारला जावा, कारण त्यावर त्याचीही स्वाक्षरी असते. सरकारी पैशाने लिहिलेल्या प्रत्येक अहवालात यंत्राचा वापर पहिल्याच पानावर नमूद असावा आणि संदर्भ ताडून पाहणाऱ्याचे नाव छापावे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी १० हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली आहे. तिच्यातून तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ही साधने विनामूल्य मिळावीत, अन्यथा पैसेवाल्यांना चांगले यंत्र आणि गरिबांना फुकटचे चुकार यंत्र, अशी नवी वर्णव्यवस्था उभी राहील.

शेवटी आपल्या घरात पाहू. आपणही पाहण्या करतो, पुस्तिका काढतो, निवेदने देतो. वेळ कमी असतो, लिहिणारे हात थोडे असतात आणि यंत्र मिनिटात चार पाने काढून देते. यापुढे आपल्या प्रत्येक पाहणीच्या अहवालात कोण कोणत्या वस्तीत गेले, किती घरांत बोलले आणि कोणती पाने यंत्राच्या मदतीने सिद्ध झाली, याची नोंद असावी, अशी माझी सूचना आहे. अहवाल छापण्यापूर्वी तो त्या वस्तीत वाचून दाखवावा. तेथील एखादी बाई उठून ‘हे आम्ही असे बोललोच नव्हतो’ म्हणाली, तर तिचे म्हणणे अंतिम मानून मजकूर बदलावा. विरोधकाने भर सभेत आकड्याचा आधार विचारला, तर उत्तर देणारा कार्यकर्ता आपल्यापाशी असला पाहिजे आणि तो त्या घरापर्यंत जाऊन आलेला असला पाहिजे.